वाचक विचारतात : एआय, करार आणि कॉपीराइट

एआय आणि कॉपीराइटवर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. कलमांचे उल्लेख आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले आहेत. परदेशातला निकाल असेल तिथे तसं नमूद केलं आहे. ‘न्यायालयं एकदा काय ते ठरवू देत, मग बघू’ हा सूर बऱ्याच पत्रांत आहे. आम्हाला तो पटत नाही. करार आणि तारखेचा पुरावा या दोन गोष्टी आजच तुमच्या हातात आहेत, आणि निकाल कोणताही लागला तरी त्या लागणारच आहेत.

प्रश्न : माझा संग्रह अजून छापलेला नाही, पण कविता मी फेसबुकवर टाकत असते. एका चॅटबॉटला विषय दिला, तर त्याने माझ्याच कवितेतल्या चार ओळी जवळजवळ जशाच्या तशा दिल्या. जाहीर टाकल्यामुळे हक्क गेला का? आता काय करायचं?

उत्तर : हक्क गेलेला नाही. कविता कागदावर किंवा पडद्यावर उतरली तेव्हाच कॉपीराइट तुमचा झाला. त्यासाठी नोंदणी, छपाई किंवा वर्तुळातला ‘सी’ लागत नाही. समाजमाध्यमावर टाकताना तुम्ही त्या कंपनीला वापराचा परवाना देता, मालकी नाही. हा परवाना बराच ऐसपैस असतो हे खरं, पण तो त्या कंपनीपुरता. तिथून मजकूर उचलून नेणाऱ्या दुसऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही. आणि ओळी चारच असल्या तरी आठ ओळींच्या कवितेत चार ओळी हा ‘महत्त्वाचा भाग’ ठरू शकतो. इथे मोजणीपेक्षा त्या ओळींचं वजन पाहिलं जातं.

आधी पुरावा. त्याच संवादात पुन्हा पुन्हा विचारत बसू नका. नवा संवाद उघडा, ‘मेमरी’ची सोय बंद करा आणि प्रॉम्प्ट (म्हणजे बॉटला द्यायची सूचना) टाइप करण्यापासून उत्तर येईपर्यंतचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि वेळ दिसू द्या. बहुतेकांचं नेमकं इथे चुकतं : प्रॉम्प्टमध्येच आपली पहिली ओळ घातली जाते. मग यंत्राने तुमचीच ओळ पुढे ओढली असं समोरचा म्हणू शकतो. फक्त विषय द्या. दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे वेबशोध चालू होता का. चालू असेल तर बॉटने तुमची पोस्ट त्या क्षणी वाचून उतरवली असेल. बंद असूनही ओळी आल्या, तर त्या प्रशिक्षणातून, म्हणजे यंत्राला ढीगभर मजकूर देऊन शिकवताना, मॉडेलमध्ये (बॉटमागच्या शिकलेल्या यंत्रणेत) मुरलेल्या असण्याची शक्यता मोठी. दोन्हींत युक्तिवाद वेगळा होतो, म्हणून दोन्ही प्रकारे करून बघा आणि दोन्ही नोंदवा.

मग कविता आधीपासून तुमची आहे हे दाखवायचं. फेसबुकच्या सेटिंगमधून स्वतःचा सगळा डेटा उतरवून घ्या; त्यात पोस्टच्या तारखा येतात. वहीतले कच्चे खर्डे फेकू नका. खाडाखोड केलेलं पान स्वच्छ प्रतीपेक्षा जास्त बोलतं. संगणकावरच्या फायलींचा शा-२५६ हॅश काढून ठेवा. हा ६४ अक्षरी ठसा फाइलमध्ये एक काना बदलला तरी पूर्ण बदलतो. तो काढायची आज्ञा विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये अंगभूत असते. हॅश स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे त्याला तारीख लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यातच हॅशसाठी जागा आहे. त्यातला एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो आणि त्याचा हॅश मूळ फोटोशी जुळत नाही, म्हणून मूळ फाइल हलवू नका. (स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवण्याचा जुना तोडगा अजून सांगितला जातो. पाकीट आधी रिकामं पाठवून नंतरही भरता येतं, तेव्हा त्यावर विसंबू नका.)

शेवटी तक्रार. तुमची कविता एखाद्या संकेतस्थळावर चिकटवलेली असेल, तर कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ उपयोगी पडतो. लेखी तक्रारीत कृतीचं वर्णन, ती तुमची असल्याचा तपशील, नेमका वेबपत्ता आणि अपलोड करणाऱ्यावर २१ दिवसांत दावा लावून न्यायालयाचा आदेश सादर करण्याची हमी द्यावी लागते. तक्रार पटली तर साठवणाऱ्याने ३६ तासांत प्रवेश बंद करायचा असतो. २१ दिवसांत आदेश आला नाही तर पान पुन्हा उघडता येतं. नोटीस पाठवून स्वस्थ बसणाऱ्यांना हाच अनुभव येतो. चॅटबॉटचं उत्तर कुठल्या पत्त्यावर साठवलेलं नसतं, त्यामुळे ही पद्धत तिथे अर्धवटच बसते. तिथे कंपनीच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर रेकॉर्डिंग जोडा. यातून साधारणपणे मिळते ती उत्तरावरची गाळणी. मॉडेल आहे तसंच राहतं.

आणि एक सावधगिरी. पुराव्याशिवाय धमकीच्या नोटिसा पाठवू नका. कलम ६० नुसार निराधार धमकीविरुद्ध समोरचाच दावा लावू शकतो.

प्रश्न : प्रकाशकाच्या नव्या करारात ‘सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी व जगभर’ असं वाक्य आहे. ‘सगळेच सही करतात’ असं सांगतात. यात एआय प्रशिक्षणही येतं का? (कादंबरीकार)

उत्तर : येऊ शकतं, म्हणूनच सही करण्यापूर्वी थांबा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये लेखकाच्या बाजूचं एक परंतुक (कलमाला जोडलेली अट) आलं. कराराच्या वेळी जे माध्यम किंवा वापराचा प्रकार अस्तित्वात नव्हता, किंवा व्यापारी वापरात नव्हता, त्याला हस्तांतर लागू होत नाही. कराराने त्याचा नाव घेऊन उल्लेख केला असेल तरच होतं. २०१४-१५ सालच्या कराराच्या आधाराने कुणी आज तुमचं पुस्तक प्रशिक्षणासाठी विकत असेल, तर हे परंतुक तुमच्या कामी येईल. आज सही होणाऱ्या कराराची गोष्ट निराळी. मोठे प्रकाशक आणि एआय कंपन्या यांच्यात प्रशिक्षणाच्या परवान्यांचे सौदे उघडपणे होत आहेत, म्हणजे हा वापराचा प्रकार आता ‘व्यापारी वापरात’ आहे. परंतुकाची ढाल इथे उपयोगाची नाही. ‘सर्व’ या शब्दात तो हक्क सरळ निघून जाईल.

करारात पुढील वाक्य घाला : ‘या करारान्वये दिलेल्या हक्कांत, कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी, चाचणीसाठी अथवा विदासंच (डेटासेट) तयार करण्यासाठी या साहित्यकृतीचा वापर करण्याचा, किंवा तसा परवाना अन्य कोणास देण्याचा हक्क अंतर्भूत नाही, तो लेखकाने स्वतःकडे राखून ठेवला आहे.’ त्याखाली स्वतंत्र कलम : यंत्राने केलेला अनुवाद, कृत्रिम आवाजातलं श्राव्यपुस्तक आणि एआयने बनवलेलं मुखपृष्ठ यांपैकी प्रत्येकासाठी लेखकाची वेगळी लेखी परवानगी.

प्रशिक्षणाचा परवाना द्यायचाच असेल, तर ‘पाच वर्षांसाठी’ या शब्दांनी फसू नका. अनुवादाचा परवाना संपला की नवी आवृत्ती थांबते. शिकून झालेलं मॉडेल मात्र पाच वर्षांनी तुमचं पुस्तक विसरत नाही. त्यामुळे मुदतीऐवजी मॉडेलनिहाय मोबदला मागा. मुदतीनंतर विदासंचातल्या प्रती नष्ट केल्याचं लेखी कळवणं, पोटपरवाना न देणं आणि उत्तरांत सलग किती शब्द उतरू शकतील याची मर्यादा, या तीन अटी जोडा. प्रकाशकाला मिळणाऱ्या रकमेतला तुमचा वाटाही टक्क्यांत लिहून घ्या. ‘नियमाप्रमाणे रॉयल्टी’ म्हटलं की ती छापील प्रतीच्या दराने लावली जाण्याचा धोका असतो.

प्रकाशकाशी बोलताना कलम १९ हाताशी ठेवा. लेखकाची सही असलेल्या कागदाशिवाय हस्तांतर वैध नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर एक वर्ष न वापरलेला हक्क परत येतो. म्हणजे काही करारांत गप्प राहणंच लेखकाच्या फायद्याचं असतं! कलम ५७ मधले नैतिक हक्क, म्हणजे कृतीवर नाव असण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा हक्क, हस्तांतरानंतरही तुमच्याकडे राहतात.

कराराच्या शेवटी ‘कृती पूर्णपणे माझी आहे’ अशी हमी आणि नुकसानभरपाईचं कलम असतं. लेखनात कुठे एआय वापरलं असेल तर ते प्रकाशकाला आधी लेखी कळवा, नाहीतर ती हमी तुमच्यावरच उलटेल.

प्रश्न : माझं नाव टाकून ‘यांच्या शैलीत’ चित्रं बनवली जात आहेत. शैलीवर हक्क सांगता येतो का? (चित्रकार)

उत्तर : नाही. आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कल्पना, विषय यांवर कॉपीराइट नसतो, तो अभिव्यक्तीवर असतो. रंगछटा, रेषेची ढब, जाडसर काठ या साऱ्या गोष्टी कल्पनेच्या बाजूला पडतात. विशिष्ट चित्राची मांडणी किंवा तुम्ही घडवलेलं पात्र ओळखू येण्याइतकं उतरलं असेल, तर मात्र दावा उभा राहतो. ‘माझ्यासारखं वाटतं’ म्हणण्यापेक्षा तुमचं नेमकं कोणतं चित्र ते ठरवा आणि दोन्ही शेजारी ठेवून सारखेपणा मुद्देसूद लिहा. तुमच्या नावाने ती चित्रं विकली जात असतील, तर ‘तुमची म्हणून खपवली’ हा कॉपीराइटबाहेरचा दावा जास्त मजबूत ठरतो.

बचावासाठी शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांची ग्लेझ आणि नाइटशेड ही साधनं मोफत मिळतात. पहिलं शैली शिकू देत नाही, दुसरं शिकणाऱ्या मॉडेलची गल्लत करतं. दोन्हींच्या खुणा सपाट रंगांच्या चित्रांत डोळ्यांना जाणवतात, आणि त्या पुसण्याच्या युक्त्याही संशोधकांनी दाखवल्या आहेत. कुलूप लावावं, पण तिजोरी समजू नये. नेटवर लहान आकाराची प्रत टाका आणि थरांसकट मूळ फाइल जवळ ठेवा. मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत, नाव आणि हक्काची ओळ भरा. ती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ख खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

प्रश्न : माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मी स्वतः एआयकडून बनवलं. ते कुणाचं?

उत्तर : १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २(घ)(६) सांगतं की संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. वाचायला हे सोपं वाटतं. पण कृतीत किमान कौशल्य, निर्णय आणि सर्जनशीलता हवी, हा ईस्टर्न बुक कंपनी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकष आहेच. एका ओळीच्या प्रॉम्प्टने तो भागेल असं आम्हाला वाटत नाही. २०२० मध्ये ‘राघव’ नावाच्या एआय साधनाला सहकर्ता दाखवून एका चित्राची भारतात नोंदणी झाली, आणि पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकी कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात निव्वळ प्रॉम्प्ट पुरेसे नाहीत असं म्हटलं. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये, वापरकर्त्याने प्रॉम्प्ट आणि मापदंड पुन्हा पुन्हा बदलत घडवलेल्या चित्राला संरक्षण दिलं.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पुस्तकाचा मजकूर पूर्ण सुरक्षित आहे, पण तेच चित्र दुसऱ्याने वापरलं तर तुमची बाजू लंगडी पडेल. अक्षररचना, रंगदुरुस्ती आणि हाताने केलेले बदल यांच्या टप्प्याटप्प्याने फायली ठेवा, कारण हक्क सांगता येईल तो त्या भागावर. छपाईपूर्वी चित्राचा उलट शोध (चित्र देऊन नेटवर तसंच चित्र शोधणं) घ्या आणि साधनाच्या मोफत योजनेत व्यापारी वापराला परवानगी आहे का ते वाचा.

प्रश्न : मी जाहिरातींना आवाज देते. न केलेल्या एका जाहिरातीत माझाच आवाज ऐकू आला. कॉपीराइटखाली तक्रार करू?

उत्तर : निव्वळ आवाज ही ‘कृती’ नाही, म्हणून त्यावर कॉपीराइट नसतो. रेकॉर्ड झालेल्या सादरीकरणावर कलम ३८ आणि ३८क खाली सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षं असतात. तुमचं जुनं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय उचलून क्लोन (आवाजाची एआयने केलेली नक्कल) बनवला असेल तर त्या उचलण्यावर बोट ठेवता येतं. क्लोनविरुद्धचा मुख्य आधार आहे व्यक्तिमत्त्वाचे हक्क, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरचा हक्क. अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, तर अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असं संरक्षण दिलं. दोघेही घराघरांत ओळखले जाणारे. ज्याचा आवाज ओळखीचा पण नाव नाही, त्याला हीच वाट चढाची जाते.

म्हणून खरी काळजी कराराच्या वेळी घ्यायची. ज्या कामासाठी आवाज दिला ते काम, माध्यम आणि मुदत लिहा. क्लोन, कृत्रिम आवाज आणि प्रशिक्षण यांना मनाई करा. न वापरलेले टेक नष्ट करण्याची अट घाला, कारण क्लोनला हवं असतं स्टुडिओतलं स्वच्छ, संगीताविना रेकॉर्डिंग, आणि त्याची काही मिनिटंही पुरतात. सध्याची जाहिरात आधी उतरवून घ्या, वेबपत्ता आणि तारीख नोंदवा. काढून टाकल्यावर हाती काही उरत नाही.

प्रश्न : माझ्या ब्लॉगवरून एआयचे बॉट मजकूर नेतात. ते थांबवता येतात?

उत्तर : सभ्य बॉट थांबवता येतात. संकेतस्थळाच्या मुळाशी रोबोट्स.टीएक्सटी (robots.txt) ही फाइल ठेवा, नाव रोमन लिपीत आणि सगळं लहान अक्षरांत. जीपीटीबॉट (GPTBot), क्लॉडबॉट (ClaudeBot), सीसीबॉट (CCBot) आणि गूगल-एक्स्टेंडेड (Google-Extended) यांना प्रत्येकी वेगळ्या ओळीने मनाई करा. घाईत ‘गूगलबॉट’ बंद करू नका. तसं केलंत तर ब्लॉग शोधातूनच नाहीसा होत जाईल. गूगल-एक्स्टेंडेड बंद केल्याने शोधातलं स्थान हलत नाही, पण शोधाच्या वर दिसणारे एआय सारांशही त्याने थांबत नाहीत. आधी नेलेलं परत येत नाही. नियम न पाळणाऱ्या बॉटसाठी सर्व्हर किंवा सीडीएनच्या (संकेतस्थळ वाचकापर्यंत पोचवणाऱ्या मधल्या जाळ्याच्या) पातळीवरच अडसर लागतो. ब्लॉग दुसऱ्याच्या मंचावर असेल तर ही फाइल तुमच्या हाती नसते. तिथे सेटिंगमध्ये शोधा. वर्डप्रेस डॉट कॉमवर मजकूर तिसऱ्या पक्षाला न देण्याचा पर्याय आहे.

हे फक्त तांत्रिक नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार हक्क राखल्याचं यंत्राला वाचता येईल असं सांगितलं असेल, तर व्यापारी विदा-उत्खननाची (यंत्राने मजकूर व डेटा उपसण्याची) सूट संपते.

प्रश्न : नोंदणी करावी का? खर्च किती?

उत्तर : हक्कासाठी नको, पुराव्यासाठी करा. कलम ४८ मुळे नोंदवही हा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरायचा. साहित्यकृतीला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २००० रुपये. चित्राला ५०० रुपये, पण ते मालाच्या वेष्टनासारख्या कामी येणार असेल तर २००० रुपये आणि ट्रेडमार्क निबंधकांचा दाखला. डायरी क्रमांक लगेच मिळतो, मग आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. अर्ज अडकतात ते बहुधा प्रकाशक किंवा सहलेखकाच्या ना-हरकत पत्रावाचून. शंभर कवितांना शंभर अर्ज करू नका, संग्रह म्हणून एकच करा. अप्रकाशित हस्तलिखितही चालतं.

प्रश्न : माझी पुस्तकं प्रशिक्षणात वापरली गेली असतील तर भरपाई मिळेल?

उत्तर : भारतात अजून ठरलेली वाट नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये लावलेला दावा या प्रश्नावरचा आपल्याकडचा मोठा दावा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने प्रस्ताव मांडला, की एआय कंपन्यांना सरसकट परवाना द्यावा आणि उत्पन्नावर रॉयल्टी घेऊन ती एका केंद्रीय संस्थेमार्फत वाटावी. त्यात निर्मात्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, ही आम्हाला त्यातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

बाहेरही एकवाक्यता नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेच्या खटल्यात चित्रं बनवणारं मॉडेल म्हणजे चित्रांची प्रत नव्हे असं ठरवलं, आणि त्यानंतर आठवडाभरात म्युनिकच्या न्यायालयाने ओपनएआयच्या मॉडेलमध्ये पाठ झालेले गीतांचे शब्द ही प्रतच असल्याचं म्हटलं. अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे सुमारे ३००० डॉलर. पण तो वाद चोरट्या ग्रंथसंग्रहांतून उतरवलेल्या प्रतींचा होता, आणि पात्रतेसाठी पुस्तकाची अमेरिकेत वेळेत नोंदणी झालेली असणं आवश्यक होतं. तुमच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद तिकडे निघत असेल, तर प्रकाशनापासून तीन महिन्यांत अमेरिकी नोंदणी करून घ्या. तिथल्या कायद्यातली ठरावीक भरपाई त्यावरच अवलंबून असते.

प्रश्न : अप्रकाशित हस्तलिखित चॅटबॉटमध्ये टाकून शुद्धलेखन तपासलं तर हक्क जातो का?

उत्तर : हक्क जात नाही, गुप्तता जाऊ शकते. आधी सेटिंगमधला ‘मॉडेल सुधारण्यासाठी वापर’ हा पर्याय बंद करा. तो बंद केल्यावरही आधी टाकलेलं वगळलं जाईलच असं नाही. पूर्ण कादंबरी न टाकता प्रकरण-प्रकरण टाका. आणि हस्तलिखित दुसऱ्याचं असेल, म्हणजे तुम्ही संपादक, अनुवादक किंवा मुद्रितशोधक असाल, तर लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही टाकू नका.